कोरडं वजन

ताई मूत्रपिंडाच्या आजारांची डॉक्टर झाली ती ठरवून. संशोधनात मात्र ती शिरली धाकट्या बहिणीच्या एका प्रश्नामुळे.

धाकटीला घरात सगळे गुंडी म्हणत. लहानपणी ती गोल, घट्ट आणि चकचकीत होती म्हणून. मोठेपणी ती एका नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकामाला लागली, तेव्हा तर हे नाव तिला शोभूनच दिसायला लागलं. राजांचे झगे, शिपायांचे कोट, भुतांचे पांढरे अंगरखे हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. "माझ्याइतके राजे कोणी उघडे पाहिले नसतील," असं ती म्हणायची आणि आई तिला गप्प बस म्हणून डोळे वटारायची.

नोकरी नुकती लागली होती तेव्हाच तिचे पाय सुजायला लागले. उभं राहून काम असतं, होणारच, असं सगळ्यांना वाटलं. मग चेहरा सुजला, मग जिना चढताना धाप लागायला लागली, आणि तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या गेल्यात जमा होत्या. आईची किडनी जुळली नाही. ताईची जुळत होती, पण तिच्याच एका किडनीत जन्मापासूनचा दोष निघाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेही ताई नोकरी करत होती त्याच रुग्णालयात. कागदोपत्री गुंडीचे डॉक्टर दुसरे होते. पण तिच्या बाबतीत काहीही ठरवायचं झालं की ते ताईकडे बघत आणि ताई मान हलवेल तसं करत.

एक दिवस यंत्राला जोडलेली असताना गुंडीने विचारलं, "ताई, माझी पाळी का थांबली गं?"

"आजारपणात होतं असं."

"हे उत्तर आईनेही दिलं असतं. तू शिकलीस ना एवढी?"

ताईला ते लागलं. तिने पुस्तकं काढली. पुस्तकांतही जवळजवळ आईचंच उत्तर होतं, फक्त लांबलचक. किडनीच्या आजारावर ढीगभर लिहिलेलं होतं, पण त्या आजारात बाईच्या शरीराचं पुढे काय होतं याबद्दल चार ओळी. त्या काळी या विभागात बाई जगते की नाही एवढाच प्रश्न असे. बाकीचं विचारायला कोणाला सवडही नव्हती आणि सुचतही नव्हतं.

ताईने ते काम हातात घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं त्यातच घातली. डायलिसिसवरच्या बायकांना एकेकीला गाठून ती समजावून सांगायची, त्यांची परवानगी घ्यायची, महिनोन्महिने ठरलेल्या दिवशी रक्त घ्यायची. पहिलं रक्त गुंडीचंच होतं. नमुने थंड पेटीतून ती स्वतः प्रयोगशाळेत नेऊन द्यायची, कारण दुसऱ्यावर तिचा विश्वास नव्हता. घरी आली की जेवणाच्या टेबलावर आलेख पसरायची. आई ताटं घेऊन उभी राहायची आणि विचारायची, "हे उचलतेस, की याच्यावरच आमटी वाढू?"

जे हाती आलं ते तिने सगळ्यांत आधी गुंडीला सांगितलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिथून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक निघतं, बाळाला दूध पाजायचं असलं की वाढणारं. किडन्या निकामी झाल्या की ते रक्तात साचत जातं. मग शरीराची समजूत होते की ही बाई अंगावर पाजते आहे, हिला एवढ्यात दुसरं मूल नको. अंडाशयाला कामाला लावणारे निरोपच थांबतात.

गुंडी ऐकत राहिली. मग हसली. "म्हणजे माझ्या शरीराला वाटतं, मला बाळ आहे?"

"साधारण तसंच."

"मग विचार की त्याला, कुठे ठेवलंय ते."

ताईही हसली. त्या दिवशी दोघी बराच वेळ हसत होत्या. पण घरी जाऊन गुंडी रडली, हे ताईला आईकडून पुष्कळ उशिरा कळलं.

लेख तयार झाला. एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाने तो छापायचं कबूल केलं. फक्त एका परीक्षकाने शेवटच्या परिच्छेदातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं होतं. ताईने लिहिलं होतं की, डायलिसिसवर असलेल्या स्त्रीला गर्भधारणा होणं जवळजवळ अशक्य समजावं. परीक्षकाचं म्हणणं, 'अशक्य' हा शब्द जड आहे, 'क्वचित' म्हणा. तुम्ही पाहिलेल्या बायका थोड्या आहेत आणि उपचार बदलत असतात.

ताईने लांबलचक उत्तर पाठवलं. 'क्वचित' म्हटलं की प्रत्येकीला वाटणार, ती क्वचित मीच. या बायका महिन्यामागून महिने वाट बघत बसतील. त्यांना खोटी आशा लावण्यापेक्षा खरं सांगणं जास्त दयाळूपणाचं आहे. हे लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे गुंडी होती. आपण तिला वाचवतो आहोत असं तिला मनापासून वाटत होतं.

संपादकांनी ताईचं ऐकलं. वाक्य तसंच छापलं गेलं आणि लेखाचा बोलबाला झाला. परिषदांना बोलावणी आली. ते वाक्य इतर डॉक्टर आपापल्या लेखांत उद्धृत करायला लागले, मग ते विद्यार्थ्यांच्या पुस्तकातही गेलं. ताईच्या नावापुढे तो लेख आडनावासारखा लागला.

त्याच सुमाराला गुंडीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा चष्म्याच्या दुकानाचा मालक. नाट्यगृहातल्या एका म्हाताऱ्या नटाचा चष्मा दुरुस्त करून द्यायला आला आणि मग काही कारण नसताना येतच राहिला. त्याने गुंडीचं डायलिसिस, पथ्य, मोजून प्यायचं पाणी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चालेल. मलाही चष्मा आहे." आईला हे उत्तर फार आवडलं. ताईने मात्र त्याला बाजूला घेऊन मुलाबाळांचं स्पष्ट सांगितलं. त्याने विचारलं, "अगदी नाहीच?"

"भावोजी, मी यावरच तर लेख लिहिलाय," ताई म्हणाली.

त्याने मान डोलावली. त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

लग्नाला काही वर्षं झाली आणि विभागात नवी यंत्रं आली. त्यासाठी ताईनेच वरिष्ठांच्या मागे धोशा लावला होता. डायलिसिसची वेळ वाढली, रक्त वाढवणारी नवी इंजेक्शनं आली. गुंडीच्या गालांवर रंग आला. ती पुन्हा पूर्ण दिवस कामाला जायला लागली, तिला भूक लागायला लागली. तिचं बदललेलं रूप बघून ताईचा ऊर भरून यायचा. आपल्या लेखातल्या बायका जुन्या यंत्रांवरच्या होत्या आणि ही आता त्यांच्यातली राहिलेली नाही, हे मात्र तिच्या मनात एकदाही आलं नाही.

एका हिवाळ्यात गुंडीला मळमळायला लागलं. डायलिसिसच्या माणसाला मळमळ काही नवी नसते. मग वजन वाढायला लागलं.

या आजारात वजनाला फार महत्त्व असतं. लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहतं. ते सगळं काढून टाकल्यावर जे उरतं त्याला तिथे कोरडं वजन म्हणतात. रुग्ण आला की काट्यावर उभा करायचा, कोरड्या वजनापेक्षा जितकं जास्त भरेल तितकं पाणी यंत्राने ओढून घ्यायचं. गुंडीचं वजन दर खेपेला थोडं जास्त भरायचं आणि यंत्र दर खेपेला थोडं जास्त ओढायचं. पायांत गोळे यायचे, बीपी उतरायचं, ती पांढरीफटक पडायची.

"ताई, हे पाणी नाहीये," ती एकदा म्हणाली. "पायाला सूज नाही, दम लागत नाही. हे बघ, अंगठी सैल फिरतेय बोटात."

"मग खाण्यात काहीतरी मोडलं असशील पथ्य."

"नाही मोडलं."

"सगळे असंच म्हणतात गुंडे."

पुन्हा एकदा ती ताईच्या खोलीत आली. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आत काहीतरी वळतंय. मासोळी वळते ना, तसं."

"आतड्यात वायू धरला असेल. औषध देते."

"रक्त तपासून बघ ना एकदा. तू समजतेस मी काय म्हणतेय ते."

ताई समजली होती. तिने गुंडीला खुर्चीत बसवलं आणि फार प्रेमाने सांगितलं की, ज्या संप्रेरकावरून दिवस गेल्याचं कळतं, ते किडनीच्या रुग्णाच्या रक्तात तसंही थोडं वाढलेलं दिसतं. तपासणी खोटंच सांगेल आणि मग तू आशेला लागशील. "मनाचे खेळ असतात हे. एकदा मुलाच्या आशेतून बाहेर आली आहेस, पुन्हा कशाला जातेस?"

गुंडी उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "तू म्हणतेस म्हणजे नसेलच."

त्यानंतर लवकरच, एका दुपारी, यंत्रावर असताना तिचं बीपी एकदम कोसळलं. सिस्टर धावल्या. गुंडीच्या ओटीपोटात कळा यायला लागल्या आणि चादर लाल झाली. ताई वॉर्डातून पळत आली तेव्हा सोनोग्राफीचं यंत्र पलंगाशी आणलेलं होतं. पडद्यावर जे दिसत होतं ते समजायला डॉक्टर असायची गरज नव्हती. डोकं होतं, पाठीचा कणा होता, गुडघे दुमडलेले होते. पाचवा महिना सरत आलेला. फक्त काळीज हलत नव्हतं.

गुंडीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि मग ताईकडे. ती रागावून बघत नव्हती. ताईला नंतर वाटायचं की, रागावून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी होती.

गुंडीचे डॉक्टर भले गृहस्थ होते. ते ताईला म्हणाले, "अशा केसेस बहुतेक टिकत नाहीतच. वेळेवर कळलं असतं तरी कदाचित हाच शेवट झाला असता." ते खोटं बोलत नव्हते. पण वेळेवर कळलं असतं तर यंत्र रोज लावता आलं असतं, थोडंथोडं, सांभाळून. पाणी ओढायचं की नाही ते ठरवता आलं असतं. कदाचित म्हणजे कदाचित. त्या शब्दात दोन्ही बाजूंना तेवढीच जागा होती, आणि ताईला आपल्या बाजूला सरकता येईना.

रुग्णालयातून घरी गेल्यावर गुंडीने आपलं डायलिसिस गावाच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात हलवलं. ताईला ते बदलीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा कळलं. ताईने फोन केले ते तिने उचलले नाहीत. ताई घरी गेली, तर दार भावोजींनी उघडलं आणि गुंडी झोपली आहे म्हणून सांगितलं. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता.

आई ताईकडे राहायची आणि एक दिवसाआड गुंडीकडे जायची. ती दोघींमधला टेलिफोन होऊन बसली. "बरी आहे," ती सांगायची. "जेवतेय." कधी नुसतंच, "विचारू नकोस आज."

न राहवून ताई एकदा चष्म्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. भावोजी काचेच्या कपाटाला टेकून फडक्याने भिंगं पुसत होते. त्यांनी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

"ती माझ्यावर फार रागावली आहे ना?"

"रागावली नाहीये, ताई. तुमच्याशी बोलत नाही, एवढंच."

भावोजींनी एक चष्मा प्रकाशात धरून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाले, "एक विचारू? त्या मशीनला कळतं का हो, आपण काय ओढून घेतोय ते?"

"नाही," ताई म्हणाली. "त्याला आम्ही जो आकडा देतो तेवढंच कळतं."

ते "बरं" म्हणाले. नंतर सुतकी चेहऱ्याने दोघांनी इकडचंतिकडचं बोलायचा प्रयत्न केला आणि ताई निघाली.

एवढं झाल्यावर लेखातलं 'अशक्य'चं ते वाक्य आपण मागे घ्यायचंच, असं तिने ठरवलं. पण कसं? तिने नियतकालिकाला दुरुस्तीसाठी लिहिलं. उत्तर आलं की, मूळ लेखातल्या मोजमापांत चूक नसेल तर नुसत्या मतबदलासाठी दुरुस्ती छापता येत नाही. नवा पुरावा असेल तर नवा लेख पाठवा. पुरावा होता. पण तो गुंडीचा होता. ताईने आईबरोबर निरोप पाठवला की, तुझं नाव न घालता हे लिहू का. आई परत आली आणि खांद्यावरची पर्स न काढताच खुर्चीत बसली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी माझं रक्त घेतलंस, ते दिलं. आता माझी मुलगी तुझ्या लेखात जाणार नाही."

ताईने पुन्हा विचारलं नाही.

त्याच वर्षी एका परिषदेत ती पहिल्या रांगेत बसली होती. व्यासपीठावर एक तरुण डॉक्टर बोलत होता. त्याने पडद्यावर ताईचं वाक्य मोठ्या अक्षरांत दाखवलं, आणि मॅडम आज आपल्यात आहेत हे आमचं भाग्य, असं म्हणून तिच्याकडे पाहून मान लववली. टाळ्या झाल्या. ताई उठून उभी राहिली. लोकांना वाटलं, टाळ्यांसाठीच उठली.

"ते वाक्य चूक आहे," ती म्हणाली. "ते काढून टाका."

सभागृहात थोडं हसू पसरलं. मॅडम विनय दाखवताहेत असं बहुतेकांना वाटलं. अध्यक्षांनी मायक्रोफोन पुढे ओढला. "आपणच लिहिलंय ते, मॅडम. आता चूक म्हणता, तर आधार काय? एखादी केस आहे का?"

ताई उभी होती. सगळे वाट बघत होते. "आहे," एवढंच म्हणाली, "पण मला सांगता येत नाही," आणि खाली बसली. तो बिचारा तरुण डॉक्टर गोंधळून गेला. त्याने पुढचं चित्र लावलं.

ताईने हे घरी येऊन आईला सांगितलं, आणि आईने गुंडीला सांगितलं असावं. कारण आठवड्याभराने भावोजींचा फोन आला. "तिने बोलावलंय. घरी नाही, कपडेपटात या."

नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला, जिन्याखालून आत गेलं की ती लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना दांड्यांवर कपडे टांगलेले, मधे कापायचं मोठं टेबल, वर पिवळे दिवे. गुंडी टेबलापाशी उभी होती. वाळली होती. तिने ताईला बस म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. हातातलं काम चालूच ठेवून म्हणाली,

"परिषदेत गप्प का बसलीस? सांगून टाकायचं होतंस. मी थोडीच होते तिथे."

"तू नाही म्हणाली होतीस."

"माझं ऐकायला कधीपासून लागलीस?"

गुंडीने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

"माझ्या नव्या केंद्रात एक मुलगी येते," ती म्हणाली. "नवीन लग्न झालेली. तिला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की, तुला काही भीती नाही, दिवस राहायचेच नाहीत. पुस्तकात लिहिलंय म्हणाले. मी तिच्या शेजारच्या पलंगावर झोपून ऐकत होते. मला वाटलं उठावं आणि सांगावं, ते पुस्तक माझ्या बहिणीचं आहे."

"सांगितलंस?"

"सांगितलं. तिला खरं वाटलं नाही. कपडे शिवणाऱ्या बाईचं कोण ऐकणार?" तिने टेबलावरच्या कापडाची घडी सरळ केली. "तू लिही. पण माझी एक अट आहे."

"सांग."

"नुसतं 'कळलं नाही' असं लिहायचं नाही. मी सांगितलं होतं, हे लिहायचं. रुग्णाने सांगितलं आणि डॉक्टरने ऐकलं नाही, असं स्पष्ट."

"लिहीन."

"किती वेळा सांगितलं, आठवतंय तुला?"

ताईने आठवून सांगितलं. अंगठी सैल होती तेव्हाचं. खोलीत येऊन मासोळीचं बोलली तेव्हाचं.

"आणि आईच्या वाढदिवसाला? मोरीत भांडी घासत होतो दोघी. मी म्हटलं, ताई, मला आंबट खावंसं वाटतंय. तू म्हणालीस, पोटॅशियम वाढेल. आणि नळ मोठा सोडलास."

ताईला ते आठवत नव्हतं. मोरी आठवली, भांडी आठवली, आईची साडीही आठवली. पण ते वाक्य कुठेच सापडेना. ती टेबलाची कड धरून उभी राहिली आणि तिला रडू आलं. गुंडी जवळ आली नाही. कपड्यांच्या दांडीमागून एक स्टूल ओढून तिने ताईच्या मागे सरकवलं आणि पुन्हा कामाला लागली.

ताईने ते सगळं लिहिलं, आंबटाचंसुद्धा. मोठ्या नियतकालिकाने केस स्वीकारली, पण छापायच्या आधी मजकूर बदलून पाठवला. 'रुग्णाने वेळोवेळी सांगूनही उपचार करणाऱ्या डॉक्टरने, म्हणजे प्रस्तुत लेखिकेने, दुर्लक्ष केले' याच्या जागी 'निदानास विलंब झाला' असं आलं होतं. ताईने वाक्य परत घालायला सांगितलं. संपादकांनी समजुतीने लिहिलं की, वैद्यकीय लेखात अशी भाषा नसते, आणि तुमच्याच भल्यासाठी सुचवतो. ताईने लेख मागे घेतला. मग तो एका लहानशा नियतकालिकाने छापला, शब्द न् शब्द तसाच. ते फारसं कोणी वाचत नाही. तरी काही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आल्या. एक-दोघांनी कळवलं की, आता आम्ही तपासून बघतो. जुना लेख मात्र अजूनही दसपट उद्धृत होतो. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतून ते वाक्य काढलं गेलं, पण जुन्या प्रती ग्रंथालयांत आहेतच.

छापील अंक घेऊन ताई कपडेपटात गेली. गुंडीने हात पुसले आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. तिला सगळं समजत होतं असं नाही, अडलेल्या शब्दावर बोट ठेवून ती ताईकडे बघायची आणि ताई अर्थ सांगायची. आपली अट पाळलेली जागा तिने दोनदा वाचली आणि पुढे गेली. मग एका ओळीवर थांबली.

"हे तिचं वजन?"

"हो."

"मला कोणी सांगितलंच नव्हतं."

"तू विचारलं नाहीस म्हणून..." ताई मधेच थांबली. "आम्ही सांगायला हवं होतं."

"आणि ही लांबी?"

"हो. डोक्यापासून टाचेपर्यंत."

गुंडीने गळ्यातली टेप काढली. शून्याचं टोक टेबलावर दाबून धरलं, लेखातल्या आकड्यापर्यंत टेप सरळ केली आणि तिथे अंगठा ठेवला. त्या दोन बोटांमधल्या लाकडाकडे ती बघत राहिली. खोलीच्या बाहेर कोणीतरी पडद्याची दोरी ओढत होतं, त्याची कप्पी कुरकुरत होती.

"झबलं अगदी लहान लागलं असतं," ती म्हणाली.

ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. गुंडीने तो झटकला नाही, आणि हात तिथे आहे असं दाखवलंही नाही. थोड्या वेळाने तिने टेप गुंडाळली, अंक मिटून कापडांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

"हा राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "तू जा आता. मला सहाच्या आत हे अस्तर लावायचंय."

"उद्या येऊ?"

"उद्या डायलिसिस आहे माझं."

"तिथे येऊ?"

गुंडीने सुईत दोरा ओवायला सुरुवात केली. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही. "ये," ती म्हणाली. "पण कागद बघायचे नाहीत माझे. मशीनकडे बघायचं नाही. बहीण म्हणून ये आणि खुर्चीत बस."

ताई दुसऱ्या दिवशी गेली. आणि अजूनही जाते, जमेल त्या वारी. गुंडी कधी बोलते, कधी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. पलंगाच्या पायथ्याशी तिची नोंदवही लटकलेली असते, त्यात त्या दिवशीचं वजन लिहिलेलं असतं. खुर्चीतून ते सहज वाचता येईल इतकं जवळ असतं. ताई खुर्ची फिरवून बसते.